चांद्याची अर्धली

निमगाव केतकीच्या म्हस्कूतात्यांनी मेंढरं विकून बरीच वर्षं झाली होती, पण त्यांच्या डोळ्यांतला कळप काही विकला गेला नव्हता. एसटीतून माणसं उतरली तरी तात्या त्यांच्याकडं रंगावरून बघायचे. कुणाच्या केसात पुढं पांढरी बट दिसली की म्हणायचे, "ह्यो चांद्या." पोस्टमन तोंडावर वांग घेऊन आला की, "काबरं आलं बगा, टपाल घ्या." आणि नातीला, म्हणजे प्रतिक्षाला, ते आठवीपर्यंत "आमची मुकी मेंढी" म्हणत. सरांनी वर्गात प्रश्न विचारला की ही मान खाली घालून बाकावरचे खिळे बघत बसायची.

नववीत मात्र चमत्कार झाला. इंदापूरला वक्तृत्व स्पर्धा होती, बोलणाऱ्या मुलीला ऐन वेळी कांजिण्या आल्या, आणि बाईंनी हाताशी सापडली म्हणून प्रतिक्षाला स्टेजवर ढकललं. पहिली दोन वाक्यं ती चपलेशीच बोलली. तिसऱ्या वाक्याला वर बघितलं, तर समोरची माणसं चक्क ऐकत होती! परत येताना हातात ढाल. त्या दिवसापासून तिचं तोंड जे उघडलं ते एसटीच्या मोडक्या खिडकीसारखं, लावायला गेलं तरी लागेना.

"मुकी हुती तवाच बरी हुती," तात्या म्हणायचे. "आता वाघूर लावली तरी आत ऱ्हायची न्हाय." वाघूर म्हणजे मेंढरांभोवती लावायची जाळी. तात्यांची वाघूर अजून माळ्यावर होती आणि आई तिच्यात कांदे ठेवायची.

तर दिवाळीची सुट्टी संपली आणि श्रेया एक बुटाचं खोकं छातीशी धरून दारात आली. श्रेया कॅनॉलकडच्या ऊसवाल्या घरातली, प्रतिक्षाच्याच वर्गात, एसटीत तिच्याच शेजारी. खोक्याला भोकं पाडलेली होती आणि आतून कुरकुर आवाज येत होता.

"बारामतीच्या विजयसिंहकाकांनी आणलेत. पुण्याच्या त्यांच्या मित्राकडनं," श्रेया म्हणाली. "आई म्हणाली, घरात एक तर हे राहतील नाहीतर मी."

"मग?"

"मग काय? बाबा म्हणाले, स्वयंपाक आईलाच येतो."

प्रतिक्षानं झाकण उचललं. "उंदीर!"

"उंदीर नाही गं, जर्बिल! मंगोलियात असतात. शेपूट बघ की."

शेपूट खरंच उंदराची नव्हती. केसाळ होती आणि टोकाला झुबका होता. दोघं मागच्या पायांवर बसली होती, पुढचे पाय छातीशी घेऊन, पाहुण्यांच्या घरी चहाची वाट बघत बसावं तशी. तेवढ्यात तात्या हातातली टकळी आणि लोकर बाजूला ठेवून उठले. त्यांनी एकीला पोटाखाली हात घालून उचललं, उन्हाकडं धरलं आणि पाठीवर हळूच फुंकर मारली. केस फाकले. मुळाशी राखाडी, मध्ये सोनेरी, टोकाला काळा. पोट पांढरंफेक.

"ही हरणी," तात्या म्हणाले. मग दुसरा उचलला. तो काळा होता आणि कपाळावर पांढरा टिळा होता. "आन ह्यो टिळ्या. नाव उंदराचं, पन कातडं बगा. रंगाचं जनावर हाय!"

"तात्या, तुम्ही ठेवून घेता का?" श्रेयानं विचारलं.

"फुकट न्हाय."

"तात्या!" प्रतिक्षा लाजली. मैत्रिणीपुढं असं बोलायचं?

"गप गं. फुकटाचं जनावर आन फुकटाचा पाव्हणा, दोनी जड हुत्यात. अर्धलीनं ठेवू." मग त्यांनी दोघींना समोर बसवून अर्धली समजावली. जनावर एकाचं, राखणारा दुसरा. चारा, पाणी, राखण सगळं राखणाऱ्यानं करायचं, आणि पिल्लं झाली की निम्मी निम्मी. "पिल्लांचा रंग कळला की मालक येनार. पयली निवड मालकाची, दुसरी राखणाऱ्याची, परत मालकाची. कबूल?"

"कबूल!" दोघी एकदम म्हणाल्या. तात्यांनी देव्हाऱ्यातला बिरोबाचा भंडारा आणला आणि दोघींच्या कपाळाला पिवळी बोटं ओढली. श्रेया तशीच घरी गेली. तिच्या आईला, विजयमालाकाकूंना वाटलं, पोरगी उंदरांसाठी देवळात नवस करून आली.

मोडक्या कूलरचा पत्रा आडवा करून, वर जाळी बांधून, तात्यांनी हरणी-टिळ्याचं घर केलं. बाजरी, करडई, मधनंच एखादा खोबऱ्याचा तुकडा. प्रतिक्षा शाळेतून आली की दप्तर एकीकडं, चप्पल दुसरीकडं आणि स्वतः कूलरपाशी. आई म्हणायची, "आजोबानं सारी हयात मेंढरामागं घातली, नात उंदरामागं घालतीया. परगती हाय."

थंडीत हरणीला चार पिल्लं झाली. साल काढलेल्या शेंगदाण्यासारखी, गुलाबी, डोळे मिटलेली.

"रंग कुठाय?" प्रतिक्षाचा जीव खालीवर.

"दम काढ. रंग आतनं येतो."

आणि खरंच, आठवडाभरात कातडीखाली सावली पडल्यासारखा रंग चढायला लागला. मग मखमलीसारखी लव आली. पहिलं निघालं सोनेरी, थेट आईवर. दुसरंही सोनेरी, पण कपाळावर तांदळाएवढा पांढरा ठिपका. तिसरं काळं, गळ्यापाशी पांढरा फटका, दूध पिताना सांडल्यासारखा. आणि चौथं...

चौथं काळंभोर होतं. त्याच्या कपाळावर ठिपका नव्हता, फटका नव्हता, चक्क चंद्र होता. बीजेचा, बारीक, थोडा डावीकडं कललेला. प्रतिक्षानं ते तळहातावर घेतलं आणि ते पिल्लू सरळ तिच्या स्वेटरच्या बाहीत शिरून कोपरापाशी झोपी गेलं. संपलं! तिनं नाव ठेवलं चांद्या, आणि त्याच वेळी तिला अर्धलीची अट आठवली. पहिली निवड मालकाची.

हा चंद्र बघून श्रेया दुसरं कुठलं पिल्लू उचलेल? वेडी आहे का ती?

पुढचे दिवस प्रतिक्षानं कसे काढले ते तिचं तिला माहीत. ढाल मिळाल्यापासून जिच्या तोंडात तीळ भिजत नव्हता, ती एसटीत खिडकीबाहेर बघत बसू लागली.

"रंग आले का गं?" श्रेया विचारायची.

"येतायत."

"मी बघायला येऊ?"

"नको! हरणी बिथरते. डोळे उघडू देत."

डोळे उघडले. "आता येऊ?"

"अजून दूध पितायत."

"तुझ्याकडं पिल्लं आहेत का मंत्री? भेटच मिळत नाही!"

शेवटी संक्रांतीनंतरचा रविवार ठरला. शनिवारी संध्याकाळी तात्या ओट्यावर टकळी फिरवत बसले होते आणि प्रतिक्षा चांद्याला बाहीत घालून शेजारी. तात्यांना गोष्ट सुचली.

"लोणी भापकरात गेणबा म्हनून गडी हुता. त्याच्याकडं एका पाटलाची मेंढरं अर्धलीनं. त्यात एक कोकरू झालं, काळं आन शेपटीचा गोंडा पांढरा. गेणबाचा जीव जडला. वाटणीच्या आदल्या दिशी पठ्ठ्यानं काय केलं, तव्याची काजळी घेतली, त्येलात कालवली, आन शेपटी केली काळी कुळकुळीत! सकाळी पाटील आला. एक एक जनावर बगतोय. त्या कोकरापाशी आला, बगितलं, आन गेला की फुडं..."

"मी आले!" प्रतिक्षा उठलीच.

"अगं, गोष्ट ऱ्हायली ना!"

पण ती केव्हाच चुलीपाशी पोचली होती. तव्याची काजळी, दोन थेंब खोबरेल, आणि चंद्राला ग्रहण. चांद्या दोनदा शिंकला आणि तिच्याकडं असा बघू लागला की तिला "सॉरी" म्हणावं लागलं.

रविवारी सकाळी आई तवा हातात घेऊन ओरडत होती, "तव्याच्या बुडाला बोटं कुनी ओढली गं?" प्रतिक्षा म्हणाली, "मांजरानं." तात्यांनी टकळीवरून मान वर केली, नातीच्या अंगठ्याकडं बघितलं आणि परत खाली घातली.

श्रेया आली. नवीन चप्पल, दोन वेण्या, हातात तिळाच्या लाडवांचा डबा. तात्यांनी ओट्यावर घोंगडं अंथरलं आणि त्यावर चारी पिल्लं सोडली. चांद्या आता नुसता काळा होता. कपाळ काळं, पाठ काळी, जणू कोळशाचाच खडा पाय फुटून चाललाय.

"अय्या!" श्रेया गुडघ्यावर बसली. ठिपकेवालं सोनेरी पिल्लू तिच्या बोटाला हुंगू लागलं. "किती गोड! हे बघ, टिकली लावलीय." तिनं ते उचललंच होतं. प्रतिक्षा मनात म्हणाली, घे बाई, घे, बिरोबा तुझं भलं करो.

आणि श्रेयाची नजर पलीकडं गेली.

"अगं बाई... हे नुसतं काळं?"

"हो. नुसतं काळं. साधं."

"साधं कसलं? काका म्हणत होते, पुण्यातल्या त्या मित्राला कधीचं बिनडागाचं काळं पाहिजे. काळ्यांना कुठंतरी पांढरा डाग असतोच म्हणे, गळ्याला नाहीतर पायाला. याला कुठ्ठेच नाही!" टिकलीवालं खाली ठेवून तिनं चांद्याला उचलून उलटंपालटं केलं. "तात्या, माझी पहिली निवड हा!"

प्रतिक्षाला वाटलं, ओटा खाली गेला. झाकला नसता तर हिनं कदाचित ती सोनेरी टिकलीच घेतली असती! स्वतःच्या हातानं तिनं चांद्याला बिनडागाचा केला होता. पण वक्तृत्वाची ढाल काय उगाच मिळाली होती? ती लागली बोलायला.

"श्रेया, तो नको घेऊ. चावतो."

"मला तर चाटतोय."

"ओळख होईपर्यंत. मग चावतो. आणि आळशी आहे, दिवसभर झोपतो."

"मी पण झोपते."

"रात्री पाय आपटतो. धाड धाड! विजयमालाकाकूंना वाटेल चोर शिरलेत."

"माळ्यावर ठेवीन."

"आणि..." प्रतिक्षानं इकडं तिकडं बघितलं आणि शेवटचा बाण काढला, "पादरा आहे."

तात्यांची टकळी थांबली. "उंदीर?"

"व्हय तात्या. लई."

श्रेया हसून हसून घोंगड्यावर आडवी झाली. "मग तर मी हाच घेणार! गणिताच्या तासाला दप्तरातून नेईन."

"ठरलं तर," तात्या उठले. "आता रीत ती रीत. निवडलेलं जनावर धुऊन मालकाच्या हातात द्यायचं. आमी वड्यावर न्हेऊन धूत हुतो."

"धुवायचं?" प्रतिक्षाचा आवाज चिरकला. "तात्या, थंडी हाय! मरंल ते!"

"पाण्यानं कशाला धुईन? मला येडा समजतीस व्हय? ह्या जनावराची आंघोळ वाळूत असती. रोज बगतो की मी, कूलरमदी लोळत असत्यात." आणि तात्यांनी ओट्याच्या कोपऱ्यातली परात पुढं ओढली. बारीक वाळू चाळून भरलेली. ती तिथं सकाळपासून होती, हे प्रतिक्षाच्या आत्ता ध्यानात आलं.

चांद्या परातीत उतरला. त्यानं वाळू हुंगली. मग एक कूस, मग दुसरी कूस, मग डोकं वाळूत खुपसून असा घसटला की वाळू ओट्याभर उडाली. उठला, अंग झाडलं आणि मागच्या पायांवर बसला.

कपाळावर डावीकडं कललेला, थोडा मळका, पण चंद्र होता.

श्रेयानं आपल्या तळहाताकडं बघितलं, तो काळा. मग प्रतिक्षाच्या अंगठ्याकडं बघितलं, तोही काळा.

"काल कुनीतरी अर्धी गोष्ट ऐकून पळालं," तात्या शांतपणे म्हणाले. "तर पाटील फुडं गेला. आन ते कोकरू आलं त्याच्या मागनं, लाडानं शेपूट हालवत. पाटलाचं धोतर नवं, पांढरंशुभ्र. एवढ्या एवढ्या वेळात धोतर झालं काबरं! चार शाने बसले आन म्हनाले, खूण झाकली, राखणाऱ्याची निवड गेली. मालक आता पायजे ते घिईल, नको ते टाकील, आन टाकल्यालं राखणाऱ्याचं. गेणबाला मरंस्तवर लोक काजळ्या म्हनत हुते."

प्रतिक्षाच्या डोळ्यांत पाणी आलं. आठवीतली मुकी मेंढी परत अंगात शिरल्यासारखी मान खाली गेली. पण खाली बघत बसावं असं तिला वाटेना. तिनं मान वर केली.

"मीच लावली काजळी. मला वाटलं तू हाच नेशील. म्हणून तुला बघायलासुद्धा येऊ दिलं नाही." मग आवाज बारीक झाला. "तो माझ्या बाहीत झोपतो गं. पण निवड तुझी. घे."

श्रेयानं चांद्याला उचललं. ती त्याच्या कपाळाकडं बघत राहिली. बघतेय, बघतेय, बघतेय! डबा उघडून तिनं तिळाचा लाडूसुद्धा खाल्ला. अर्धा संपेपर्यंत प्रतिक्षानं श्वास घेतला नाही.

"चंद्र छान आहे," श्रेया शेवटी म्हणाली. "नेला असता मी. खरंच नेला असता. पण हा चावतो, नाही का?"

"अं?"

"तूच म्हणालीस. शिवाय आळशी. शिवाय पाय आपटतो. चावरा, आळशी, आपट्या. आणि ते शेवटचं काय होतं, तात्या?"

"पादरा," तात्यांनी गंभीरपणे सांगितलं.

"हां. असलं जनावर आमच्या घराण्यात चालायचं नाही." तिनं चांद्याला प्रतिक्षाच्या मांडीवर ठेवलं. "टाकलं! मी टिकलीवाली नेते आणि हा दूध सांडलेला. काकांच्या मित्रानं बिनडागाचं काळं दुसरीकडं शोधावं, नाहीतर तुझ्याकडनं रंगवून घ्यावं."

"आणि काकूंना काय सांगशील?"

"सांगेन, हे दोन चावत नाहीत. आमच्या राखणदारानं लेखी दिलंय."

प्रतिक्षा हसली आणि रडलीही, आणि दोन्ही एकदम केल्यानं तिला ठसका लागला. चांद्या घाबरून बाहीत शिरला, कोपरापाशी जाऊन थांबला.

"थांब," श्रेया म्हणाली. "वाटणी पुरी व्हायची आहे." तळहातावरच्या काजळीत तिनं बोट बुडवलं आणि प्रतिक्षाच्या कपाळावर एक चंद्र काढला, डावीकडं कललेला. "आता रस्त्यात हरवलीस तरी कुणाची ते कळेल."

"झकास," तात्या म्हणाले. "आता कुटं कळपात शोबतीया."

आईनं आतून विचारलं, हे मांजर कुठल्या घराचं म्हणायचं. तवा तिच्या हातातच होता. तो प्रतिक्षानं घेतला आणि मुकाट घासायला बसली. कपाळ मात्र धुतलं नाही.

सोमवारी इंदापूरच्या एसटीत चढताना तिला पक्कं ठाऊक होतं, श्रेया मागच्या बाकापर्यंत सगळ्यांना सांगणार. म्हणून कंडक्टरनं घंटी मारायच्या आत प्रतिक्षा स्वतःच दांडीला धरून उभी राहिली आणि सुरू झाली. लोणीचा गेणबा, पाटलाचं धोतर, तवा, खोबरेल, परात, सगळं हातवारे करून. आपल्या मूर्खपणापाशी आली तेव्हा आवाज आणखी चढवला. पोरी हसून एकमेकींच्या अंगावर पडत होत्या, पुढच्या बाकावरचे एक आजोबा पान लावायचं विसरून मागं वळून बसले होते.

"...आणि मग मी तिला चांद्याचे सगळे दुर्गुण सांगितले," प्रतिक्षा म्हणाली, "आळशी आहे, चावतो, पाय आपटतो..."

"चौथा राहिला," शेजारून श्रेया म्हणाली.

"राहू दे की गं."

"सांग! मोठ्यानं सांग. ढाल मिळालीय ना?"

आणि पुढच्या बाकावरचे आजोबासुद्धा म्हणाले, "सांग की पोरी, काय हुता चौथा?"